घोरपडीची कच्ची कलेजी

सर्जेरावला भीमेपल्याड नेऊन दौंडच्या डॉक्टरपर्यंत जिवंत पोचवायचं होतं. एकोणीसशे चौसष्टचा भादवा. शिरूरचा रस्ता पाण्याखाली, आणि पुरात पोहणारा गावात मीच एक. नाहीतर त्या लाडोबासाठी मी कशाला जीव धोक्यात घातला असता?

आम्ही दोघं एका तालमीतले, एका वयाचे, वजनालाही सारखे. पण आमच्या बापूसाहेब वस्तादांना मी, नबीलाल, कधी दिसायचोच नाही. दुधाचा पहिला पेला सर्जाला, नवा डाव आधी सर्जाला, जत्रेतली शेवटची कुस्तीही सर्जालाच. पंधरा दिवसांपूर्वी वस्तादांनी डोंगरातून घोरपड धरून आणली. तिची कच्ची कलेजी गिळली की तिच्यासारखी पकड येते, अशी तालमीची जुनी समजूत. बाहेर बोलायचं नाही, अशी वस्तादांनी शपथ घातलेली. सर्जानं डोळे मिटून कलेजी गिळली. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी नसतीच खाल्ली म्हणा, आमच्यात चालत नाही. पण विचारायला काय जात होतं? माझा नुसता जळफळाट झाला. त्यापायी मी काय केलं ते पुढं सांगतो.

मग चार दिवसांपूर्वी सर्जा आडवा झाला. डोकं ठणकायचं, मान वाकेना, एकाचे दोन दिसायचे, अंगाला चादर लागली तरी भाजल्यागत ओरडायचा.

गुऱ्हाळातली काहील, गुळाचा रस उकळायची भलीमोठी लोखंडी कढई, आम्ही नदीत लोटली. आत सर्जा, त्याचं डोकं मांडीवर घेऊन वस्ताद, आणि पाण्यात काहील ढकलत मी.

"नबीलाल, दमानं रं," वस्ताद म्हणाले. "सर्जाला हिसका बसंल."

पुरात मी मरत होतो, त्याचं त्यांना काही नव्हतं.

मध्यावर पाण्यानं जोर धरला. भोवऱ्यात काहील गरगर फिरली. वरून उन्मळलेली बाभळ आली, सरळ आमच्यावर! मी काहिलीची कडी सोडली. दोन्ही हातांनी बुंधा रेटला. काटे खांद्यात घुसले. बाभळ सरकली, पण काहील सुटली! धारेला लागून ती निघाली, आणि खोटं कशाला बोलू, माझे हात थांबले. जाऊ दे, असं मनात आलं. जत्रेची कुस्ती माझी झाली असती.

"नब्या!" सर्जा ओरडला. वस्तादांच्या मांडीवर पडून त्यानं हाक मारली ती मला. मी पाणी कापत सुटलो. कडी हाताला लागली ती पैलतीराला पाय टेकेपर्यंत सोडली नाही.

तिथून वरवंडची सडक तीन कोस. सर्जाला पाठीवर घेतलं. गुडघाभर चिखल, दुतर्फा ऊस, आणि ऊन डोळ्यांत खुपत होतं. माझ्याही मानेत कळ उठत होती, डोक्यात घण पडत होते. मी ब्र काढला नाही. वस्तादांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. सडकेवर एक ट्रक थांबला आणि आम्ही दौंड गाठलं.

डॉक्टरांनी सर्जाच्या पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढलं. पाणी उतरलं तसा तो कण्हायचा थांबला. डॉक्टर बराच वेळ ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसले.

"मला मेंदूचा क्षय वाटला होता," ते म्हणाले. "पण यात लाल दाण्यांच्या पांढऱ्या पेशी भरल्यात. त्या अंगात किडा शिरला की वाढतात. यानं कच्चं काय खाल्लंय? उपचार चुकला तर डोळे जातील, जीवही जाईल."

वस्ताद जमिनीकडं बघत म्हणाले, "काय बी न्हाई. घरचंच जेवण."

"घोरपडीची कच्ची कलेजी," मी म्हणालो.

"तू मधी बोलू नगंस. त्यानंच झालं कशावरनं?"

"उरलेली मी चोरून खाल्ली, म्हणून. माझं बी डोकं फुटाय लागलंय."

वस्तादांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. माझ्या डोळ्यांपुढं अम्मी उभी राहिली. जन्नतबीच्या पोरानं काय खाल्लं हे आता गावभर होणार होतं.

मग माझ्याही पाठीत सुई गेली. सर्जानंतर, अर्थातच. पाण्यात त्याच पेशी निघाल्या.

डॉक्टर म्हणाले, "परदेशात असे रोगी मिळालेत. उंदराच्या फुप्फुसातला किडा त्याच्या लेंड्यांतून गोगलगायीत जातो, गोगलगायीला घोरपड खाते आणि घोरपडीला तुम्ही. माणसात तो वाट चुकून मेंदूकडं जातो. त्याला मारायचं औषध देणार नाही, एकदम मेला तर सूज जास्त वाढेल. तो आपोआप मरेल. आपण सूज उतरवायची, गरज पडली तर पुन्हा पाणी काढायचं. आणि यंदा कुस्ती बंद. दोघांचीही."

जत्रेतली शेवटची कुस्ती कारेगावच्या कुणा पैलवानानं मारली. आम्ही शेजारशेजारच्या खाटांवर पडून ती बातमी ऐकली. सर्जाला आता एकाचा एकच दिसत होता.

"नब्या," तो म्हणाला, "माझं सांगितलंस ते बरं केलंस. पण चोरून खाल्लीस ते कशाला कबूल केलंस?"

"मग तुला एकट्यालाच बरं होऊ द्यायचं व्हतं व्हय?" मी म्हणालो.