स्वप्नाळू मुलीचा चेहरा

चित्रात हनुवटीखाली टेकलेला हात होता, निळा झगा होता, फक्त चेहरा नव्हता. कुणीतरी तो टर्पेंटाइननं पुसून काढला होता.

“हिनंच पुसला,” चित्रकार फूर्नेल म्हणाले. चित्र उद्या पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनाला जायचं होतं. “सकाळभर मी त्याच चेहऱ्यावर काम केलं. हिला आत ठेवून कुलूप लावलं नि जेवायला गेलो. मागची मॉडेल पळाली, तेव्हापासून कुलूप लावतोच. आत्ता येऊन बघतो तर हे.”

स्टुलावर सतरा वर्षांची मॉडेल रोझिन रडत होती. तिला तुरुंगात न्यायला खाली हवालदार थांबला होता. फूर्नेलबाईंनी हट्टानं खाजगी गुप्तहेर वालमोंना बोलावलं नसतं, तर ती एव्हाना गेलीही असती.

“सरळ आहे,” वालमोंचे मित्र डॉक्टर ब्रिसो म्हणाले. “बंद खोली, आत एकटी ही.”

“तुमचं निदान नेहमीच झटपट असतं, डॉक्टर. रोग्यांना विचारा.”

वालमोंनी रोझिनचे हात हुंगले. कांद्याचा वास होता, टर्पेंटाइनचा नाही. रंगानं माखलेली चिंधी जमिनीवर कडक वाळून पडली होती. मग ते चित्र ठेवलेल्या ईझलसमोर बसले. मोठी खिडकी त्यांच्या उजव्या हाताला आली.

“तू हे चित्र पाहिलंस कधी?”

“नाही हो. साहेब कॅनव्हासमागे बसतात, मी खिडकीकडे बघायचं. मान वळवली की खेकसतात.”

“आज सकाळी काही ऐकलंस?”

“रोजचंच. पेपर चाळल्याचा आवाज.”

फूर्नेलनी उजव्या हातानं मिशी कुरवाळली. बाईंनी सगळ्यांना कॉफी दिली. किटली त्यांच्या डाव्या हातात होती.

वालमोंनी दार लावून घेतलं.

“चिंधी वाळलीय, हिच्या हाताला वास नाही. चेहरा काल रात्रीच पुसला गेला. मग फूर्नेलसाहेब, सकाळभर तुम्ही कोणता चेहरा रंगवलात?”

फूर्नेलनी मिशीवरचा हात खाली घेतला.

“तुम्ही चित्रावर झाकलेलं कापडसुद्धा उचललं नाहीत. पेपर वाचलात. उजव्या हातानं काम करणारा चित्रकार उजेड डावीकडून घेतो, नाहीतर हाताची सावली चित्रावर पडते. इथं उजेड उजवीकडून येतो. इथं डावखुरं माणूस बसतं.”

ब्रिसोंनी हातातल्या कपाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“चौदा वर्षं बसतेय,” बाई म्हणाल्या. “मॉडेल घरी गेली की, उजेड असेपर्यंत. तो चेहरा हिचा नव्हता, माझा होता, लग्नाआधीचा. एवढ्या एकावर माझं नाव घालू द्या म्हटलं, तर हे पोट धरून हसले. मला सहन झालं नाही. पण आळ या पोरीवर येईल असं वाटलं नव्हतं. मला माफ कर गं.”

“स्वतःचं चित्र पुसणं हा गुन्हा नाही,” वालमों म्हणाले. “साहेब, हवालदाराला काय सांगायचं?”

खरं सांगावं तर नाव जाणार होतं. फूर्नेलचा चेहरा पांढरा पडला.

“चूक झाली म्हणून सांगा,” ते पुटपुटले. “जा गं तू.”

रोझिन धावतच जिना उतरली. बाईंनी टोपी घातली.

“अगं, पण उद्या प्रदर्शनाला काय पाठवू?”

“सगळं तयार आहे,” बाई दारातून म्हणाल्या. “तुम्ही चेहरा तेवढा काढा.”