हळदीला नसलेली आई

"वच्छले, आतल्या खोलीत बस! पोरीला हळद लागूस्तर भाईर येऊ नको."

सासूनं, बायनाबाईंनी, दार ओढून घेतलं आणि वच्छला गव्हाच्या पोत्यांना टेकून मटकन खाली बसली... नवरा सूर्यभान गेल्यावर लोकांच्या रानात कापूस वेचून जिला वाढवलं, त्या राजेश्रीला आज बोरी गावातल्या साऱ्या सवाष्णी हळद लावणार होत्या. अशुभ होता तो फक्त जन्मदात्या आईचा हात! बाहेरून लेकीचा आवाज आला, "माय कुठं हाय?" वच्छलेनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. ओ द्यायचीसुद्धा तिला मुभा नव्हती!

राजेश्री सासरी गेली. महिनाभरानं धाकट्या शिवकन्येच्या नववीच्या वर्गात नाटुकलं होतं. नीलम मॅडमनी मुलांना सांगितलं होतं, घरात बाईच्या वाट्याला काय येतं ते करून दाखवा. आणि सोसणाऱ्या बाईचं काम मुलानं करायचं. घरच्यांनाही बोलावणं होतं. सासू-सुना सतरंजीवर शेजारीशेजारी बसल्या.

महारुद्र नावाचा मुलगा लुगडं नेसून आला तशी पोरं खदाखदा हसली. मग शिवकन्या आजी होऊन पुढं आली, त्याच्याकडं बोट करून ओरडली, "आतल्या खोलीत बस! तुझ्या लेकीची हळद हाय!"

हसू जागीच विरलं. वच्छलेच्या ध्यानात आलं... पोरीनं सगळं पाहिलं होतं तर!

महारुद्र भिंतीकडं तोंड करून बसला. शिवकन्या मात्र नुसतीच उभी.

"पुढं बोल ना बाळा," मॅडम म्हणाल्या.

"पुढचं येत न्हाई, मॅडम... आमच्या घरी पुढं काही झालंच न्हाई."

मॅडमनी सगळ्यांकडं पाहिलं. "या आईला बाहेर कोण आणतंय?"

कुणीच उठेना. आपणच धावत जावं असं वच्छलेला वाटलं, पण पाय उचलेनात...

उठल्या त्या बायनाबाई! पुढं जाऊन त्यांनी त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांना हुंदका फुटला.

"वच्छले, मलाबी असंच बसवलं व्हतं गं... माझ्या सूर्यभानच्या हळदीला! माझंबी कपाळ तवा पांढरंच व्हतं."

आपल्या लग्नात सासू कुठं होती, हे वच्छलेनं इतक्या वर्षांत कधी विचारलंसुद्धा नव्हतं!

"समदं ठावं असून मी तुला कोंडलं... लोक काय म्हनतील म्हून! आता राजेश्रीची हळद कुठून आणू गं मी?"

'जाऊ द्या, आत्या' असं म्हणायला वच्छलेनं ओठ उघडले, पण खोटं तिला बोलवेना. जे हुकलं ते हुकलंच होतं... ती उठली, भरल्या वर्गासमोर तिनं सासूला घट्ट मिठी मारली. त्या मिठीत क्षमा होती की नुसतं दुःख, तिचं तिलाच उमजेना. म्हातारी मात्र तिच्या खांद्यावर मान टाकून लेकरासारखी रडत राहिली.