पेटीतले डोळे

"काका, खिसे रिकामे करा!" भिंगरीने बैठकीच्या दारात हात पसरून वाट अडवली.

"अगं, हे घर आहे की विमानतळ?"

"सध्या विमानतळ!" ताईने पुठ्ठ्याचं खोकं पुढे सरकवलं. "किल्ल्या, नाणी, पट्टा, सगळं या ट्रेमध्ये."

तिघं भावंडं सुट्टीत काकांबरोबर आत्याकडे निघाली होती. काका म्हणजे विसराळूपणाचा अर्क! मागच्या खेपेला तपासणीत त्यांची बॅग तीनदा उघडली गेली आणि विमान चुकता चुकता राहिलं. म्हणून या वेळी मुलांनी सूत्रं हाती घेतली होती.

शंखूने चष्मा सावरत काकांची काळी बॅग उपडी केली. स्क्रूड्रायव्हर, शाम्पूची भलीमोठी बाटली आणि एक फळ कापायची सुरी!

"ही बॅग आहे की भंगाराचं दुकान?" भिंगरी किंचाळली.

ताईने बॅग नव्याने भरली. लॅपटॉप चटकन काढता यावा म्हणून सगळ्यात वर, वायरी गुंडाळून एका डबीत. शाम्पू आणि मलम छोट्या बाटल्यांत, त्या बाटल्या पारदर्शक पिशवीत आणि पिशवी बाहेरच्या कप्प्यात.

"आता बघा, अशी सुळ्ळकन जाईल!"

पण विमानतळावर तपासणीचा सरकता पट्टा नेमका काकांच्या बॅगेपाशी थांबला. पडद्यासमोरच्या माणसाने कपाळाला आठ्या घातल्या. गणवेशातल्या अधिकारी बाई आल्या.

"यात मोठी बाटली आहे. कात्रीही दिसतेय. आणि लॅपटॉप असेल तर तो बाहेर काढा."

"शक्यच नाही!" भिंगरी उसळली. "आम्ही स्वतः भरलीय!"

बाईंनी चेन उघडली. लॅपटॉपचा पत्ताच नव्हता! औषधी पाण्याची बाटली, बारीक कुंचले, कात्री आणि एक चपटी लाकडी पेटी. बाईंनी झाकण उचललं मात्र...

"आई गं!" भिंगरी काकांना बिलगली.

पेटीतून डोळे बघत होते! घारे, काळे, तपकिरी. कापसाच्या एकेका खळग्यात एकेक डोळा!

"ही माझी बॅग नाही!" काकांना घाम फुटला.

"सगळे असंच म्हणतात," बाई म्हणाल्या.

शंखू मात्र पेटीवर वाकला होता. "ताई, बाहुल्यांचे असतील?"

"बाहुलीचे दोन डोळे सारखे असतात. इथे एकाचीही जोडी नाही. आणि पांढऱ्या भागात लाल शिरा बघ! बाहुलीला कोण शिरा काढतं?"

"म्हणजे... माणसांचे?" भिंगरीने एकच डोळा उघडून विचारलं.

"माणसांसाठी बनवलेले! अपघातात एक डोळा गेला, तर त्या जागी बसवायला. म्हणून जोडी नाही!"

अधिकारी बाईंच्या भुवया वर गेल्या. "मग बॅग बदलली कुठे?"

काकांनी डोकं खाजवलं. "सामान वजन करतात ना, तिथे फोन आला. बॅग खाली ठेवली. शेजारी अशीच एक होती बहुतेक..."

"काका!" तिघंही एका सुरात ओरडली.

"पण मग आपली बॅग घेऊन गेलेल्या माणसाला इथे कुणी अडवलं कसं नाही?" भिंगरीने विचारलं.

ताईने कपाळावर हात मारला. "आपण नीट भरली होती ना! काढायच्या वस्तू हाताशीच होत्या. तपासणीवाल्यांनीच वरचा लॅपटॉप चटकन काढून पुन्हा ठेवला असेल, बॅग सुळ्ळकन गेली!"

"घोषणा केली, तर काळ्या बॅगवाले शंभर जण धावत येतील," बाई म्हणाल्या.

"बॅग नका सांगू, माणूस सांगा," शंखू हळूच म्हणाला. "या बॅगेच्या मुठीला तपकिरी रंग लागलाय. रांगेत आपल्या पुढे एक मावशी होत्या, हिरव्या स्कार्फवाल्या. घड्याळ काढताना त्यांच्या नखांत असाच रंग दिसला. मला वाटलं, चित्रकार असतील."

बाईंनी लगेच वॉकीटॉकी तोंडाशी नेला. काका येरझाऱ्या घालू लागले. इतक्यात खरखर झाली, "सापडल्या! विमानात चढतच होत्या!"

हिरव्या स्कार्फच्या मावशी धापा टाकत आल्या. पेटी पाहताच त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"उद्या एका चिमुरडीला डोळा बसवायचाय. मुलं टक लावून बघतात, म्हणून ती शाळेतच जात नाही. उद्या मी रिकाम्या हातांनी गेले असते, तर तिला काय सांगितलं असतं मी?"

पेटी तपासून त्यांना परत मिळाली. बाटली आणि कात्री मात्र तिथेच ठेवावी लागली. "राहू दे, त्या तिकडेही मिळतील!" त्यांनी भिंगरीच्या तळहातावर एक तपकिरी डोळा ठेवला. "या शिरा म्हणजे रेशमाचे धागे. एकेक चिकटवलाय."

भिंगरीने श्वास रोखून तो निरखला. भीती कुठल्या कुठे पळाली होती.

काकांच्या बॅगेची पुन्हा तपासणी झाली. "इतकी नेटकी बॅग मोठ्यांचीसुद्धा नसते," अधिकारी बाई हसल्या. "आणि अशी नजर तर मुळीच नसते. शाबास!"

"पुतणे कुणाचे!" काकांनी छाती फुगवली, आणि तिघांच्या नजरा पाहून लगेच आत घेतली. "बरं, बरं. चूक माझी. तुम्ही होतात म्हणून निभावलं."

दोन दिवसांनी मावशींनी काकांच्या फोनवर एक फोटो पाठवला. आत्यासकट सगळी डोकी त्यावर वाकली. पाठीला दप्तर लावून एक छोटी मुलगी कॅमेऱ्याकडे बघत होती. खाली मावशींनी विचारलं होतं, "नवा डोळा कुठला, ओळखा!"

"डावा!" भिंगरी म्हणाली.

"उजवा!" ताई ठामपणे म्हणाली.

शंखूने चष्मा पुसला, फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि मान हलवली.

"नाही बुवा ओळखता येत!" तो म्हणाला. कोडं हरूनही इतका खूश झालेला शंखू त्यांनी कधीच पाहिला नव्हता.