सोडायचं तर फळ सोड

मुक्ता, तू काशीला निघालीस ते बरंच झालं. हे कॉफीचं पाकीट तेवढं इंदूआत्यांना दे. भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर राहतात. गल्लीत कुणालाही ‘मराठी टीचर’ म्हणून विचार, दारापर्यंत आणून सोडतील. हनोईच्या या कॉफीला त्या दर वेळी नावं ठेवतात आणि डबा रिकामा झाला की फोनवर दुसरा मागतात. पाकिटाचं ओझं काही नाही, बॅगेत कुठेही राहील.

बैस जरा. तो दिवा असू दे, इथे संध्याकाळी लवकर अंधारतं. आणखी एक सांगायचं आहे, ते निमिष बाजारातून परत यायच्या आत सांगते. त्याला यातलं फारसं माहीत नाही, आणि माहीत नाही तेच बरं.

लग्न झाल्यापासून आम्ही बाहेरच. आधी बँकॉक, मग इथे. सुट्टी मिळाली की बॅग उचलायची, हे तू पाहतेसच. लाओसमधलं नदीकाठचं गाव झालं, काठमांडू झालं, क्योतो झालं. लोकांना वाटतं, मजा आहे यांची. मजा आहेच, खोटं का बोलू? पण नव्या खोलीत पहिल्या रात्री मला भिंती परक्या वाटतात. मग निमिष घोरायला लागतो. दोन लांब, मग एक अडकलेलं, मग बारीक शिट्टी. क्योतोच्या त्या पातळ भिंतींच्या हॉटेलात शेजारच्यांनी तक्रार केली होती. मी त्याला उशी मारते, कुंभकर्ण म्हणते, पण मनातलं सांगू? तो आवाज सुरू झाला की खोली माझी होते. मला घर म्हणजे तेवढंच उरलंय.

आणि काशीला आत्या. निमिषची आई तो लहान असतानाच गेली, तेव्हा आत्यांनी त्याला काशीला आणून वाढवलं. त्यांचे यजमान नरहरकाका तिथे बँकेत होते. काका गेले तरी आत्यांनी गाव सोडलं नाही. मुलींच्या शाळेत गणित शिकवत राहिल्या. आमची दर जानेवारीला एक फेरी ठरलेली.

त्या बाईंचं वाट पाहणं बघायला हवं होतंस तू. गाडी काशीला धुक्यामुळे कितीही उशिरा पोचो, आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो की वर खिडकीत आत्या उभ्याच. कपाळावर आडवा हात, डोळे गल्लीवर. जिना चढून आत गेलं की चहा त्याच क्षणी गाळलेला. एकदा आम्ही न कळवता गेलो, तर चूडा-मटार, म्हणजे तिकडचे मटारपोहे, तयार. मी विचारलं, “तुम्हाला कसं कळलं?” तर म्हणाल्या, “कळायचं काय त्यात? वाट बघत होते.” आणि निघताना त्यांचा एकच प्रश्न, “आता कधी?” तो असा विचारायच्या की परतीचं तिकीट तिथेच काढावंसं वाटे. मी बरंच जग पाहिलं, पण इतकं मन लावून कुणी कुणाची वाट पाहताना पाहिलं नाही.

तर एका वर्षी धुकं इतकं होतं की गंगा नुसती ऐकू येत होती. आम्ही सकाळी अहिल्याबाई घाटावर स्नानाला गेलो. आत्या घरीच होत्या, नाश्त्याच्या नादात. घाटावर छत्रीखाली बिंदुमाधव गुरुजी बसतात, आत्यांच्या ओळखीतले. त्यांनी गंध लावलं आणि म्हणाले, “काशीला येऊन काही सोडलंत की नाही? आवडीचं एखादं फल, सब्जी... हमेशासाठी सोडायचं असतं.”

तुला ठाऊक असेल ही रीत. आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या काशीहून आल्या की फणस खात नाहीत, कुणी दोडका खात नाही.

निमिष हसला. “गुरुजी, हापूस, शेवग्याच्या शेंगा, सगळं केव्हाच सुटलंय. परदेशात राहणाऱ्यानं आणखी काय सोडायचं?” मग माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, “बायकोच्या सुखासाठी मी घोरणं सोडतो.”

“जित्याची खोड आहे ती,” मी म्हटलं, “अशी थोडीच सुटते.”

त्यानं ओंजळ रिकामी केली. गुरुजी हसले नाहीत. “हे काही फल नाही...” एवढंच म्हणाले आणि पळी ताम्हनात ठेवून दिली. पाणी पडल्याचा आवाज मला ऐकू आला नव्हता, हे पुढे लक्षात आलं. तेव्हा वाटलं, धुकं आहे.

दुपारी जेवून आम्ही आडवे झालो. बाहेर दुपार असून दिवेलागणीसारखा उजेड होता. निमिषला पडल्या पडल्या झोप लागली आणि खोली शांत झाली. मी म्हटलं, वा, गंगामाई पावली. रजाई ओढून घेतली. पण झोप येईना. शांतता वाढत चालली. खोलीत घड्याळाची टिकटिक होती, स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, निमिषचं मात्र काहीच नव्हतं. आणि सकाळी घाटावर मी अर्धी सोडलेली ती म्हण आपोआप पुरी झाली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

मी ताडकन उठून बसले. चष्मा काढून त्याच्या नाकाखाली धरला. काचेवर थोडी वाफ आली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ऐकू आलं.

दोन लांब. मग एक अडकलेलं. मग शिट्टी.

आवाज नदीकडच्या खिडकीखालून येत होता, खालच्या घाटावरून. मी खिडकी उघडली. मणिकर्णिकेकडून येणारा ओल्या लाकडाचा धूर धुक्यात मिसळला होता, त्यात जुन्या तुपाचा वास. खाली पाण्याजवळच्या पायऱ्यांवर कुणीतरी डोक्यावरून चादर घेऊन निजलं होतं. चादर वर जात होती, खाली येत होती. घाटावर झोपणारे काय कमी असतात? कुणीही घोरेल. पण त्या शिट्टीबरोबर मी इतकी वर्षं झोपले आहे, मला ती दुसऱ्या कुणाची वाटेना.

निमिष उठला तो पांढराफटक. “झोप लागलीच नाही बघ,” म्हणाला. “म्हणजे... कुणीतरी झोपलं होतं. मी नाही.” आणि चहा अर्धा टाकून पुन्हा पडला. आत्यांनी दोनदा त्याच्या कपाळाला हात लावला. “बुखार तर नाही,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी चष्म्यावर वाफ आली ती नखाएवढी. हात गार. हाका मारल्या तर डोळे उघडायचा आणि मिटायचा. आणि आता तो आवाज घाटावर नव्हता. तो आमच्या जिन्यात होता. खालच्या वळणावर कुणीतरी सुखानं, पोटभर घोरत होतं. मी दार उघडायला गेले आणि कडीवरचा हात तसाच राहिला. हा इकडे जितका विझत होता, तितकं ते जवळ येत होतं. आणखी एक मजला चढलं की दाराशी.

मी स्वयंपाकघरात गेले. आत्या मटार सोलत होत्या. मी घाटावरचं सगळं सांगितलं, भराभर, रडतच. त्यांचे हात थांबले. मला वाटलं, रागावतील.

“अगं, सोडायचं तर फळ सोडावं,” त्या हळूच म्हणाल्या. “जे तोंडात घालतो ते. अंगातलं काही सोडू नये.”

“पण गंगेनं ते घेतलं कशाला?”

“गंगेला काय कमी आहे? ती काही घेत नाही. पण काठावर बरेच जण बसलेले असतात... ज्यांच्याकडे काही राहिलेलं नसतं. कुणी टाकलेलं दिसलं की उचलतात. घोरणं म्हणजे झोप, झोप म्हणजे श्वास. ज्यानं उचललं त्याला तर पूर्ण खजिनाच मिळाला.”

“परत मागता येतं?”

“मागून कोण देतं गं? पण त्याहून जुनं, त्याहून भारी काही समोर टाकलं, तर हातातलं सोडतात.”

“मग मी टाकते. सांगा, काय टाकू?”

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मुलांचं गणित चुकलं की बघत असतील तसं, न रागावता. “तुझ्याजवळ अजून इतकं जुनं काही नाही, बेटा. माझ्याजवळ आहे.” त्यांनी मटारचं ताट बाजूला सारलं, शाल घेतली आणि निघाल्या. मीही मागे गेले.

जिना अंधारा. तो आवाज आता भिंतीतून, कठड्यातून येत होता. मला दिसलं काहीच नाही. पण वळणावर आत्या थबकल्या, पदर आवरला आणि एक पायरी वगळून पुढच्या पायरीवर उतरल्या, झोपलेल्याला पाय लागू नये तशा. मग हात धरून मलाही तशीच उतरवली. त्या रिकाम्या पायरीवरून उबदार वाफ माझ्या पोटऱ्यांना लागली.

घाटावर त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं. ओठ हलले. काय सोडलं ते मला ऐकू आलं नाही. ओंजळ रिकामी झाली आणि याही वेळी पाणी पडल्याचा आवाज आला नाही. त्या बराच वेळ रिकाम्या हातांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “चल. मटार राहिलेत.”

परत चढताना त्या सरळ त्या पायरीवर पाय देऊन गेल्या. दुसऱ्या मजल्यावर पोचलो आणि वरून निमिषचं घोरणं ऐकू आलं. असं, की बंद दारही त्याला अडवेना. मी तिथेच बसले आणि रडले. आत्या माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “पाहिलंस? घर डोक्यावर घेतलं गधड्यानं.”

“तुम्ही काय सोडलंत, आत्या?”

“काही नाही गं. एक जुनी आदत होती.”

आम्ही निघालो तेव्हा त्यांनी निमिषला पोटाशी धरलं, लाडू दिले, “तब्येत सांभाळ” म्हणाल्या. आम्ही दोघेही दारात घुटमळलो. काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. टॅक्सीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं. “आता कधी?” हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

पुढच्या जानेवारीत आम्ही कळवून गेलो, तर दाराला कुलूप. आत्या शेजारणीबरोबर गाणं ऐकायला गेल्या होत्या. परत आल्या त्या हसत. “अरे, आलात का? चला, चाय ठेवते.” आनंद खरा होता, माया तीच होती. फक्त दाराकडे लागलेला डोळा नव्हता. त्या आता मोकळ्या फिरतात, नवी भजनं शिकतात. कुणी पोरगं येणार म्हणून त्यांचा दिवस अडत नाही. निमिष रात्री मला म्हणाला, “आत्या विसरायला लागली गं.” जन्मभर जपलेली एकच श्रीमंती होती त्या बाईजवळ, ती त्यांनी त्याच्या झोपेवरून ओवाळून टाकली, आणि वर मटार सोलायला बसल्या. मला नाही जमणार असं. माझ्या ओळखीतल्या कुणालाच नाही जमणार.

त्या वेळी निघताना त्या आम्हाला नावेतून पोचवायला आल्या. एरवी कधी येत नसत, खिडकीतून आम्ही दिसेनासे होईपर्यंत बघायचं असे ना. विष्णू नावाडी वल्ही मारत होता. नाव मधे आली तसा तो मान वर करून म्हणाला, “आप लोगों की ऊपरवाली माताजी नहीं आईं? देखिए, कब से खड़ी हैं।”

आम्ही वर बघितलं. तिसऱ्या मजल्याची खिडकी. आत्यांची ती राखाडी शाल. कपाळावर आडवा हात.

निमिषनं सवयीनं हात हलवायला उचलला. मग हळूहळू वळून शेजारी बसलेल्या आत्यांकडे बघितलं. आत्यांनी त्याचा हात धरून खाली घेतला. स्वतः एकदाही मागे वळल्या नाहीत.

“राहू दे,” म्हणाल्या. “ती कुणाचीही वाट बघते.”

त्यानं मला त्यावर कधी काही विचारलं नाही. धुकं होतं, असं म्हणतो.

म्हणून सांगते मुक्ता, गल्लीत शिरलीस की वर बघू नकोस. आत्या खाली उतरून घ्यायला येईपर्यंत उंबऱ्याशीच थांब. आणि तुझ्या डोळ्यांसमोर केलेला चहा तेवढा पी.

हसतेस कशाला? तू जाणार हे मी त्यांना अजून कळवलेलं नाही, तू येऊन गेल्यावर फोन करणार होते. पण दुपारी त्यांचाच आला. आवाज शांत होता, नेहमीसारखा. म्हणाल्या, “कुणी येणार आहे का गं तुमच्याकडचं? सकाळपासून गॅसवर चहा उकळतोय. मी विझवते, तर पुन्हा लागलेला असतो.”