बिरदेव पुलापाशी बसला होता

लाईट गेली की मगच आप्पाची आठवण येती व्हय रे तुमास्नी? एरवी मोबाईलात मुंडी घालून बसता, हाक मारली तरी ओ देत न्हाई. ठेव ते खाली, करिश्मा, उजेड डोळ्यात येतोय माझ्या. आन् रविराज, तू मधीच 'पाय उलटे व्हते का' असलं काय इचारायचं न्हाई. मी कुठं भुताचं नाव घेतलंय? माझ्या डोळ्यांनी बघितलं तेवढं सांगणार, आन् गप बसणार.

साल दोन हजार चोवीस. जानेवारीची सोळा तारीख, मंगळवार. संक्रांतीचा दुसरा दिवस, म्हंजी किंक्रांत. तवा आपलं चहाचं हाटेल भीमेवरच्या पुलापाशी व्हतं, पारगावच्या बाजूला. पुलाच्या पलीकडं शिरूर तालुका, अलीकडं आपला दौंड. रात्री नवाच्या सुमाराला न्हावऱ्याकडनं एक मोटारसायकल आली आन् हाटेलासमोर थांबली. बिरदेव व्हता.

"एवढ्या थंडीचा कुठं रं?" मी इचारलं.

"केडगावला. मिस्त्रींनी धाडलंय." बाकड्यावर बसला. चहा घेतला. मग दुसरा घेतला. उठायचं काय लक्षण दिसंना.

आता मिस्त्री म्हंजी गेणबा मिस्त्री. न्हावऱ्यात त्यांचं दुकान. शेतकऱ्याची पाण्याची मोटार जळाली की तिच्यातली जुनी तार काढून नवी भरायची, हे त्यांचं काम. शिरूर काय, दौंड काय, दोन्हीकडची माणसं मोटार टेम्पोत घालून त्यांच्याकडं न्यायची. मूलबाळ न्हाई. घरात बायको रंगुबाई, आन् दुकानात बिरदेव. धनगराचं पोर, विशीत आलं ते सोळा वर्षं तिथंच. मिस्त्री म्हणतील ती पूर्व.

दिवाळीला मिस्त्रींचं पोट फुगलं. पुण्याला नेलं. लिव्हरमधी गाठ, आन् ती पसरल्याली. डाक्टर म्हणाला, घरी न्या, खाऊ वाटंल ते द्या. आता खाऊ वाटंल ते द्या म्हणल्यावर काय उरतं? तवापासनं दोन महिनं बिरदेव दुकान दुपारीच बंद करायचा आन् मिस्त्रींच्या उशाला बसायचा. त्यांना उचलून न्हाणीत न्यायचा. पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं केलं त्यानं. हे ध्यानात ठेवा. माणूस वाईट नव्हता.

"मग जा की केडगावला," मी म्हणलं. "कुणाकडं जायचंय?"

"विश्वजीतकडं."

नाव घेतलं आन् तोंड असं केलं, जणू चहात माशी निघाली.

विश्वजीत हे त्यांच्या दुकानातलं दुसरं पोरगं. आयटीआय करून आल्यालं. तीन वर्षांत समदं शिकलं. मग मिस्त्रींनी स्वतःचं तार गुंडाळायचं मशिन त्याला दिलं आन् केडगावात दुकान टाकून दिलं. त्या दिवसापासनं दोन वर्षं बिरदेव त्याच्याशी बोलत नव्हता.

"संध्याकाळी मला जवळ बोलावलं," बिरदेव सांगाय लागला. "म्हणले, माझ्याच्यानं सकाळ निघत न्हाई. विश्वजीतला घिऊन ये. मी म्हणलं फोन लावतो. तर म्हणले, फोन नको. तू जा. तुझ्या गाडीवर बसवून आण."

"मग बरोबर हाय की. दोघांची गाठ घालून द्यायची असंल त्यांना."

तसा तो भडकला. "काय बरोबर हाय, आप्पा? गू-मूत मी काढलं! रात्ररात्र पाय मी दाबलं! आन् शेवटच्या रातीला आठवण कुणाची? त्याची! तुमास्नी म्हायतीय, मोटार भरून झाली की मिस्त्री काय करत्यात? चालू करत्यात, पान्ह्याचं टोक मोटारीला लावत्यात, मूठ कानाला, आन् ऐकत्यात. बेअरिंग बोलतंय का, कुठं घासतंय का. सोळा वर्षं माझी प्रत्येक मोटार ऐकली त्यांनी. एकदा म्हणलं न्हाईत, राहू दे, बिरदेवनं भरलीय, बघायचं काय त्यात. आन् त्या पोराची? तिसऱ्या वर्षी न ऐकता गिऱ्हाइकाच्या ताब्यात दिली. माझ्या म्होरं!"

हे त्याला किती दिवस खुपत व्हतं, देव जाणे. बोलता बोलता चहा बशीत सांडत व्हता.

"ऊठ," मी म्हणलं. "माणूस मराया टेकलाय. तुझं रडगाणं नंतर गा."

"जात न्हाई मी. तासभर बसतो आन् माघारी जातो. सांगतो, घराला कुलूप व्हतं."

"लाज वाटत न्हाई का रं?"

"वाटती. पण आज मला त्यांचा हात पायजे डोक्यावर, आप्पा. माझ्या एकट्याच्या. तो आला की त्याच्याकडंच बघतील. मी हाय तिथं दारात उभा. मरताना तरी मला त्यांनी माझा म्हणावं."

खरं सांगतो पोरांनो, त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यायला पायजे व्हती मी. न्हाई दिली. तेवढ्यात दोन ट्रकवाले आले, मी भजी तळाय लागलो. नंतर लई वाटलं. पण नंतर वाटून काय उपेग.

ट्रकवाले गेले. दहा वाजून पाच मिनिटं झाली व्हती, मी शटर अर्धं ओढलं तवा घड्याळ बघितलं. रस्ता मोकळा. थोडासा चंद्र व्हता, नदीवर धुकं धरलं व्हतं. बिरदेव त्याच बाकड्यावर. मान खाली.

केडगावच्या बाजूनं गाडीचा आवाज आला.

बिरदेवनं मान वर केली.

"आप्पा..."

"काय?"

"आवाज ऐका."

मला काय कळतंय. गाडीचा आवाज गाडीसारखा. पण त्याचा कान मिस्त्रींनी तयार केल्याला. तो उभा राहिला.

"इंजिनातलं टॅपेट वाजतंय. एक ठोका सोडून एक. आन् चेन कव्हरला घासती. आप्पा, ही... ही माझी गाडी हाय."

"येडा का खुळा? तुझी गाडी ही काय उभी."

आन् व्हती उभी. बाकड्याला खेटून. किल्ली त्याच्या मुठीत.

गाडी जवळ आली. पिवळा, बारका उजेड. हाटेलासमोर आली तवा हळू झाली. दोघं जण व्हते. मागं विश्वजीत. मी वळखतो की त्याला. काखेत हात घालून, थंडीनं आखडून बसल्याला. पुढं गाडी चालवणारा... निळं जर्किन. मोटार कंपनीवाले मिस्त्री लोकांना देत्यात तसलं. तोंडाला मफलर.

बिरदेवच्या अंगात निळं जर्किन व्हतं.

पुढच्यानं आमच्याकडं बघितलं न्हाई. सरळ गेला. पुलावर चढला. मागची लाल बत्ती धुक्यात गेली. मग आवाज गेला.

 

"आप्पा," बिरदेव म्हणला. "ती पाठ... माझी हाय."



बराच वेळ त्याला गाडी चालू करता येईना. किल्ली भोकात जाईना. शेवटी मी शटर लावलं, गाडी चालू करून दिली आन् त्याच्या मागं बसलो. एकट्याला कसं सोडायचं? पूल ओलांडला. म्होरं गाडी दिसंना. मागं बघायचं धाडस मला झालं न्हाई. तसंच न्हावरं गाठलं.

गल्लीच्या तोंडालाच रडण्याचा आवाज आला.

मिस्त्री गेले व्हते. दहा मिनिटांमागं.

बिरदेव धावत आत गेला, मी त्याच्या मागं. मिस्त्री खाटेवर. विश्वजीत त्यांच्या पायाशी बसून रडत व्हता. रंगुबाईनं बिरदेवकडं बघितलं. दचकली न्हाई, काय न्हाई. डोळं पुसत म्हणाली, "कुठं गेलतास रं? आत्ता तर इथं व्हतास."

बिरदेव हाय तिथंच थबकला.

विश्वजीत उठला आन् त्याच्या गळ्यात पडला. "दादा, तुम्ही न्यायला आला. दोन वर्षं बोलला न्हाईत. वाटंनंबी एक शब्द बोलला न्हाईत. पण आला. तुमच्यामुळं भेटले मला मिस्त्री."

बिरदेवचे हात खालीच.  त्यानं हळूच इचारलं, "काकी... मिस्त्रींनी काय केलं?"

"आरं, तूच व्हतास की."

"तरी सांगा."

रंगुबाईला वाटलं, दुःखानं पोराचं डोकं फिरलंय. तिनं सांगितलं. "तुम्ही दोघं आत आला. त्यांनी आधी तुला बोलावलं. विश्वजीतच्या आधी. तू खाटेपाशी खाली बसलास. त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला, काढलाच न्हाई बराच वेळ. म्हणले, आणलास त्याला. माझं ऐकलंस. मग म्हणले, तुझी मोटार मी कधी चूक काढायला ऐकली न्हाई रं, बिरदेव. तुझी भरल्याली मोटार ऐकाय मला बरं वाटायचं. म्हणून ऐकायचो. माझा म्हणायला तूच हायस."



"आन् याला?" बिरदेवनं विश्वजीतकडं न बघता इचारलं.

"याला एवढंच म्हणले, बिरदेवला सोडू नको."

बिरदेवनं स्वतःच्या डोक्यावर हात नेला. चाचपून बघितलं. पुढं, मागं, टाळूवर. तिथं काय असणार? केस व्हते, गाडीवरचं दव व्हतं.

"आप्पा," माझ्या दंडाला धरून म्हणला, "ते माझं व्हतं. सोळा वर्षं थांबलो त्याच्यासाठी. आन् मिळालं कुणाला? त्याला. त्याला मिळालं, आप्पा."

आन् खाटेपाशी जी मोकळी जागा व्हती ना, जिथं तो दुसरा बसला व्हता म्हणं, तिकडं त्यानं असं बघितलं... विश्वजीतचं नाव घेतानासुदिक मी त्याच्या डोळ्यांत एवढा जळफळाट बघितला नव्हता. रिकामी फरशी व्हती नुसती. तिच्यावर दात-ओठ खात व्हता माणूस.

मग एकदम शांत झाला. इचारलं, "काकी, मग मी कुठं गेलो?"

"ह्यांनी डोळं मिटलं तवा तू ह्यांच्या पायावर डोकं ठेवून बसला व्हतास. मग मी ह्यांच्याकडं बघत व्हते... मग तुझ्याकडं ध्यान न्हाई राहिलं."

"मी तर तवा दारातच उभा व्हतो," विश्वजीत म्हणला. "समद्यांना फोन लावत. माझ्या अंगावरनं कुणी भाईर गेलं न्हाई."

त्या घराला दार एकच हाय.

काय, रविराज? कोण व्हता ते? मला इचारतोस? मला ठावं असतं तर मी हितं तुमच्यात बसून राहिलो असतो का? गप ऐक. थोडंच ऱ्हायलंय.

सकाळी नवाला मिस्त्रींना नेलं. दोन्ही तालुक्यांतनं माणूस आलं व्हतं. खांदा बिरदेवनं दिला, पलीकडनं विश्वजीतनं. माघारी आल्यावर पाहुणे आपापल्या वाटंनं गेले. दारापुढं चपलांचा ढीग पडला व्हता, तो उतरत गेला. जो तो आपली शोधायचा, घालायचा, जायचा. शेवटी मी निघालो. विश्वजीत निघाला. बिरदेव मला सोडाय गाडीकडं चालला व्हता.

रंगुबाईनं हाक मारली. "ही जोडी कुणाची राहिली?"

एकच जोडी. पायरीखाली.

आम्ही तिघंबी चपला घालून उभं व्हतो.

मी वाकून बघितलं. काळी, जुनी. डाव्या अंगठ्याचा पट्टा तुटल्याला, आन् तो मोटारीच्या तांब्याच्या तारंनं बांधल्याला. तीन येढे. टोक आत दाबल्यालं. डावी टाच आतल्या अंगाला झिजल्याली.

मी मान वळवून बिरदेवच्या पायाकडं बघितलं. डावा अंगठा. तांब्याची तार. तीन येढे.

तो बघत व्हता माझ्याकडं. मग त्यानं पायरीखालच्या जोडीकडं बघितलं. 

आज दोघं मिळून मिस्त्रींचं दुकान चालवत्यात. बिरदेव बोलतो, हसतो, काम करतो. पण मिस्त्रींच्या घरात पाऊल टाकत न्हाई. रंगुबाईला काय हवं-नको ते विश्वजीतच्या हातनं धाडतो. गेल्या महिन्यात मी गेलो व्हतो तिच्याकडं. ती जोडी हाय तिथंच हाय. टाकाय कुणाचा हात धजत न्हाई, आन् घालणारा तर कुणीच न्हाई. आत जाताना काढल्याल्या चपला त्या. तोंड अजून घराकडं हाय.