विद्वानाने लग्न करावे का?

व्हेरोनात, आदिजे नदीकाठच्या एका जुन्या चर्चच्या भिंतीत कुण्या गवंड्याने रोमन काळचा, लॅटिन अक्षरं कोरलेला थडग्याचा दगड उलटा बसवला होता. वाचायचा तर डोकं खाली घालूनच वाचायचा. प्रार्थना आटोपल्यावर चारचौघींसारखं सरळ घरी जायचं सोडून तादेआ, डोक्यावरची ओढणी सावरत, कमरेत वाकून तो वाचत होती. भुरभुर पाऊस पडत होता. पहिल्या दोन ओळी लागल्या, तिसरीकडे सरकली आणि खाडकन तिचं कपाळ कुणाच्या तरी कपाळावर आदळलं.

“आई गं!”

“अरे देवा... फार लागलं का?” एक तरुण डोकं चोळत सरळ झाला. “माझं लक्षच नव्हतं. मी शेवटच्या ओळीपासून वाचत येत होतो.”

“शेवटापासून? का बरं?”

“दगड कुणी उभारला ते शेवटी असतं ना.”

“आमच्याकडे आधी कोण मेलं ते विचारायची रीत आहे.”

तो हसला. मग एकदम चमकून म्हणाला, “म्हणजे... तुम्हाला लॅटिन वाचता येतं?”

“छे! दगडावर शेवाळ किती चढलंय ते बघत होते.”

त्याचे कान लाल झाले. तादेआला ते आवडलं, आणि आवडल्याचा थोडा रागही आला.

“मी गास्पारो. व्हिचेंझाचा,” तो म्हणाला. “इथे नोटरी निकोला म्हणून आहेत. त्यांच्या बागेत दर रविवारी विद्वान जमतात म्हणे. घर कुठे—”

“माझ्या मागून चला. वडील आहेत ते माझे. आणि या टेंगळाचं काय ते तुम्हीच सांगा त्यांना.”

नोटरी निकोला मनाने भला माणूस, पण त्यांना प्राचीनांचं वेड होतं. त्या काळी शहरातल्या सगळ्याच शिकल्यासवरल्यांना ते होतं म्हणा. कुणी मातीतून पुतळा उकरून काढी, कुणी मठांच्या अडगळीतून पोथ्या. निकोला तर परसात कोबी लावतानासुद्धा रोमन ग्रंथ उघडून बसत. दाखला सापडल्याशिवाय रोप जमिनीत जायचं नाही. कोबीला कीड लागायची ती लागेच, पण लावला मात्र शास्त्रशुद्ध, याचं त्यांना समाधान असे.

याच वेडापायी त्यांनी मुलीला लॅटिन शिकवलं, थोडं ग्रीकही. आणि आता मुलगी लग्नाची झाली तेव्हा तेच पेचात पडले होते. उन्हाळा संपायच्या आत तादेआने सांगायचं होतं, लग्न की मठ. मठात पुस्तकं नेता येत. लग्नानंतर त्यांचं काय होतं हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तिची चुलतबहीण लुक्रेझिया लॅटिनमध्ये कविता करायची. लग्न झालं, पुस्तकं पेटीत गेली, आणि हल्ली त्या पेटीवर ऑलिव्हच्या बरण्या ठेवलेल्या असत. तादेआने मनाशी मठ ठरवून टाकला होता. तेवढ्यात हा व्हिचेंझाचा डोकंफोड्या उपटला.

तो दर रविवारी सगळ्यांच्या आधी यायचा. चेरीचे दिवस होते. ओंजळभर चेरी तिच्यापुढे ठेवून तो आठवडाभर वाचलेलं सांगे, ती त्यातल्या चुका काढी. चुका काढताना ती त्याच्याकडे बघत नसे. बघितलं की चूक विसरायची.

“तुम्ही माझं एकतरी म्हणणं कधी मान्य करणार?” त्याने एकदा विचारलं.

“बरोबर असेल तेव्हा.”

“आणि... चुकीचं असूनही गोड वाटलं तर?”

तादेआने एक चेरी तोंडात टाकली आणि त्याची पुढची चूक काढली.

निकोलांच्या बागेत वाद रंगत तेही प्राचीनांच्याच पद्धतीने. एका रविवारी माणूस ज्या बाजूने बोलेल, पुढच्या रविवारी त्याने नेमक्या उलट बाजूने बोलायचं. भाषा अर्थात लॅटिन. त्या महिन्यात विषय निघाला, विद्वानाने लग्न करावे का? चिठ्ठ्या टाकल्या. करावे, ही बाजू तादेआकडे आली आणि करू नये, ही गास्पारोकडे.

गास्पारो असा काही बोलला की म्हातारे विद्वान मांड्या थोपटायला लागले. तादेआला नियम पाठ होते, तरी प्रत्येक वाक्य तिला झोंबलं. ती त्या दिवशी हरली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आई सरोवरातले मासे तळत होती. तिला लॅटिनचं अक्षर कळत नसे. “एवढ्या टाळ्या कसल्या पडत होत्या?” तिने विचारलं.

निकोलांनी कौतुकाने अर्थ सांगितला, “तो म्हणाला, बायको म्हणजे घरातली न थांबणारी घंटा! काय वाक्य होतं गं!”

आईचा झारा हवेतच राहिला. “आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात? माझ्या हातचे मासे खाऊन?”

“अगं, ती नुसती वादाची बाजू. पुढच्या रविवारी तो बरोबर उलट बोलेल.”

“मग हा पोरगा खरं कधी बोलतो?”

निकोला हसले. तादेआला हसू आलं नाही, कारण तिलाही नेमकं हेच विचारायचं होतं.

पुढच्या रविवारी बाजू बदलल्या. गास्पारोने लग्नाचे गोडवे गायले. वाक्यं सुरेख होती, पण मागच्या रविवारचीही सुरेखच होती. मग तादेआ उठली. लग्नाविरुद्ध बोलायला तिला सोंग घ्यावं लागलं नाही.

“मला एकच दाखला द्या,” ती म्हणाली. “जिने लग्न केलं, घर केलं, आणि पुस्तकही सोडलं नाही, अशी एक बाई.”

गास्पारोने एक नाव घेतलं. “ती विधवा झाल्यावर लिहायला लागली,” तादेआ म्हणाली. त्याने दुसरं घेतलं. “ती राणी. तिच्या पोरांना दाया होत्या.” तिसरं घेतलं. “तिचं एक वाक्य म्हणून दाखवा. नाही येत ना? कारण उरलेलंच नाही.”

या वेळी गास्पारो लॅटिन सोडून साध्या घरच्या बोलीत बोलला.

“माझ्याकडे दाखला नाही.”

“लॅटिन! लॅटिन!” निकोला ओरडले.

“माफ करा, हे मला लॅटिनमध्ये नाही येत.” तो तादेआकडेच बघत होता. “तादेआ, मी जे काही वाचतो ना, ते आधी तुला सांगावंसं वाटतं. तू चूक काढलीस की मगच ते मला कळतं. तू मठात गेलीस तर... तर मी भांडू कुणाशी?”

त्याने सगळ्यांदेखत ‘तू’ म्हटलं. तरी तादेआने आवाज सरळ ठेवला.

“आणि पुस्तकं?”

“सकाळची वेळ तुझी. दुपारपर्यंत तुला कुणी हाक मारणार नाही. मीही नाही.”

“मूल रडलं तर?”

“मी उचलेन.”

“कधी उचललंय मूल?”

“नाही... पण शिकेन. ग्रीक शिकलोच की.”

कुणीतरी खो खो हसलं. तादेआलाही हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. या माणसाच्या शब्दावर उद्या पस्तावायची वेळ येईल का, हे तिला खरंच माहीत नव्हतं. तरीही तो तिला हवा होता.

निकाल द्यायचा मान निकोलांचा. ते जड मनाने उठले. “वाद तादेआने जिंकला. लग्नाच्या बाजूला एकही दाखला मिळालेला नाही. तेव्हा... मठाच्या बाईंना मी उद्या—”

“थांबा, बाबा. वाद मी जिंकला, आणि लग्नही मी करणार आहे. गास्पारोशी.”

“अगं, पण हे आजवर कुणाला जमलेलं नाही, असं तूच आत्ता सिद्ध केलंस!”

“केलं ना. पण बाबा, तुमच्या त्या रोमन लोकांना कुणाचा दाखला होता?”

निकोलांनी उत्तरासाठी उजवीकडच्या विद्वानाकडे पाहिलं, मग डावीकडच्या. सापडेना, तसे ते हळूच खाली बसले आणि त्यांनी वाईनचा पेला जवळ ओढला.

गास्पारो बाकांमधून वाट काढत तिच्यापाशी आला आणि त्याने तिचा हात धरला.

“घाबरलीस?” त्याने विचारलं.

“हो.”

“मीही,” तो म्हणाला, पण हात त्याने सोडला नाही.