नवव्या क्रमांकाचा नकार

मंगळवारी सकाळी नऊ वाजता डोरीन ब्रांड्समाच्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडची बाई नमस्काराच्या भानगडीत न पडता म्हणाली, “मी नकार दिलेला नाही.”

“कोण बोलतंय?”

“हेनी ओल्डेनहाउस. यादीतली नववी. आज तीन वाजता माझ्या जागेवर तुम्ही एगबर्ट लिंडेबोमला शपथ देताय. मला आत्ता रेडिओवर कळलं.”

डोरीननं कॉफीचा कप खाली ठेवला. हेगच्या संसदेत नव्या सदस्यांचे कागद तपासायचं काम ती सव्वीस वर्षं करत होती. दोन निवडणुकांच्या मधल्या काळातली ये-जा तिच्या हाताखालून जाई. कोणी महापौर होतो, कोणाला अचानक बायकोमुलांची आठवण येते, कोणी पक्ष सोडतो आणि खुर्चीला मात्र चिकटून राहतो. जागा रिकामी झाली की पक्षाच्या यादीतला पुढचा माणूस येतो. तो लेखी नाही म्हणाला तर त्याच्या पुढचा. इतक्या सोप्या कामातही माणसं लबाडी करू शकतात, याचं तिला आता नवल वाटत नसे, फक्त किळस यायची.

या पक्षाचे आठ निवडून आले होते. त्यातला एक महापौर झाला. नववी हेनी, तिचा नकार आला. दहावा फ्लोरिस फान आस्पेरन, त्याचाही नकार. अकरावा एगबर्ट, त्याचा होकार.

“तुम्ही स्वीकारपत्र का नाही पाठवलंत?” डोरीननं विचारलं.

“जन्मदाखला यायचा होता. पक्षाच्या कार्यालयातून सांगितलं, घाई नको, चार आठवडे मुदत आहे, सगळं एकदम पाठव. आज चोविसावा दिवस. नोकरीचा राजीनामा मात्र मी पहिल्याच दिवशी दिला. एकतीस वर्षं घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची सेवा केली. माझ्या जागी दुसरी पोरगी आलीसुद्धा. आता मी ना इकडची ना तिकडची.”

“दाखला घेऊन दोनपर्यंत इथे पोचा.”

“मी ग्रोनिंगनच्या स्टेशनवरूनच बोलतेय, बाई.”

डोरीन सायकल काढून निवडणूक कचेरीत गेली. एकदा शपथ झाली की ती जागा परत मिळवणं म्हणजे वाघाच्या तोंडातून मांस काढणं. तिच्याकडे साडेपाच तास होते.

नकाराचं पत्र दोन ओळींचं होतं. खालची सही तिनं तीन वर्षांपूर्वीच्या उमेदवारी अर्जावरच्या सहीशेजारी धरली. रेघ न् रेघ जुळत होती.

“म्हणून तर आम्हाला शंका आली नाही,” तिथला कारकून म्हणाला.

“पाकीट ठेवलंय?”

ठेवलं होतं. आवक शिक्का मागच्या आठवड्यातल्या सोमवारचा, सकाळी दहाचा. वर करड्या रंगाचं तिकीट, मृत्यूची पत्रं पाठवताना लावतात ते.

“मला वाटलं, कोणीतरी गेलं,” कारकून ओशाळून म्हणाला. “म्हणून आधी उघडलं.”

“नकार आलाय हे पक्षाला कोणी कळवलं?”

“मीच. अकराला फोन केला. नकार मिळाला, एवढंच सांगितलं.”

दारातूनच डोरीननं फ्लोरिसला फोन लावला. हा दक्षिणेकडच्या एका शहराचा उपमहापौर होता. होता म्हणजे मागच्या मंगळवारपर्यंत.

“माझ्या जखमेवर मीठ चोळायला फोन केलात का?” फ्लोरिस म्हणाला.

“तुम्ही नकार कधी दिलात?”

“सोमवारी दुपारी. एगबर्टचा फोन आला, हेनी नाही म्हणाली, तू काय करतोस? म्हटलं, मी इथे उपमहापौर आहे, मला नको ती खुर्ची. तो दोन तासांत कागद घेऊन दारात. मी सही केली. आणि मंगळवारी रात्री नगरसभेनं अविश्वास ठराव करून मला हाकललं. एक दिवस थांबलो असतो तर आज मी शपथ घेतली असती.”

“तुम्ही पडणार, हे कोणाला माहीत होतं?”

“सगळ्या पक्षाला. मला सोडून.”

“आणि हेनीबाईंचं पत्र सोमवारी कचेरीत कसं पोचलं असेल?”

“कोणीतरी नेऊन दिलं असणार. सोमवारी टपाल कुठे वाटतात या देशात? काहीतरी विचारता.”

डोरीनला हा माणूस मुळीच आवडला नाही, पण तो खरं बोलत होता. एवढा फुगलेला माणूस आपला मूर्खपणा सहसा स्वतःहून सांगत नाही.

एगबर्ट लिंडेबोम पक्षाच्या कार्यालयात उमेदवारांच्या याद्या आणि अर्ज सांभाळत असे. बारा वर्षं इतरांची नावं वरखाली करत बसला होता. डोरीन पोचली तेव्हा तो नवा कोट घालून आरशापुढे शपथेचे शब्द घोकत होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. टेबलावर काळ्या किनारीच्या पत्रांचा गठ्ठा आणि दोनचार करडी तिकिटं पडली होती.

“आईच्या सांत्वनाला आलेल्यांना आभाराची पत्रं,” तो हळव्या आवाजात म्हणाला. “महिना झाला जाऊन. आज ती असायला हवी होती.”

“वाईट झालं. एक नोंद राहिलीय. हेनीबाईंचं पत्र तुम्ही पाहिलंत?”

“नाही हो, ते थेट कचेरीत गेलं. मला तिथून फोन आला तेव्हाच कळलं.”

“केव्हा आलं ते?”

“सोमवारी सकाळच्या टपालानं.”

“कोणी हातानं नाही ना दिलं?”

“छे, टपालानंच. ती बिचारी एवढ्या लांबून कशाला येतेय?”

“बरं,” डोरीन म्हणाली. “दोन वाजता माझ्या खोलीत या. एक सही राहिलीय.”

दोनला हेनी आली, उजवा हात कोटाच्या खिशात घालून. एगबर्ट आला आणि तिला पाहून दारातच थबकला. फ्लोरिसला कोणी बोलावलं नव्हतं. खुर्चीचा वास लागला म्हणून तोही आला.

“हेनीबाई, इथे सही करून दाखवा,” डोरीन म्हणाली.

हेनीनं पेन बोटांत कसंबसं धरलं आणि वाकडीतिकडी सही केली. “दोन वर्षांपूर्वी बर्फावर सायकल घसरली. मनगट मोडलं. तेव्हापासून हे असंच.”

“नकारावरची सही मात्र गोल, सुबक आहे,” डोरीन म्हणाली. “मनगट मोडण्याआधीची. म्हणजे जुन्या अर्जावर कागद ठेवून गिरवलेली. अर्जाची प्रत पक्षाच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली एगबर्ट, तुमच्याकडे.”

“कोणीही घेऊ शकतं किल्ली.”

“घेऊ शकतं. पण मग फायदा कोणाचा? कागदावर पाहिलं तर फ्लोरिसचा, पण त्यांच्या नकारानं जागा तुमच्याकडे आली. मंगळवारी पद गेल्यावर हे नाही म्हणाले नसते, म्हणून यांना पडायच्या आधी, सोमवारीच नकार द्यायला लावणं भाग होतं. त्यासाठी हेनीबाईंचा नकार सोमवारी सकाळीच पोचायला हवा. स्वतः नेऊन द्यावा तर तोंड दिसणार. साधं टपाल सोमवारी येत नाही. सोमवारी पोचतात ती मृत्यूची पत्रं, करड्या तिकिटाची. तुमच्या आईच्या निधनाच्या पत्रांची ती तिकिटं तुमच्या टेबलावर उरली होती.”

“तिकिटं कोणीही विकत घेतं,” एगबर्ट म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता.

“खरंय. पण फ्लोरिस म्हणाले, कोणीतरी नेऊन दिलं असणार. या देशात कोणीही तेच म्हणेल. मी तुम्हाला दोनदा विचारलं आणि तुम्ही दोनदा छातीठोकपणे टपालानं म्हणालात. जे पाकीट तुम्ही पाहिलं नाही, ते सोमवारी टपालानं आलं हे तुम्हाला कसं कळलं?”

एगबर्ट खाली बसला. “बारा वर्षं मी याद्या केल्या,” तो म्हणाला. “हिला काय येतं? उत्तरेकडची मतं मिळावीत म्हणून घेतली होती. शोभेला.”

“आणि आईच्या मयताची तिकिटं वापरलीस,” हेनी म्हणाली. “मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच. मी पुष्कळ मढी धुतलीत, एगबर्ट. त्यातलं एकही तुझ्याइतकं घाण नव्हतं.”

फ्लोरिसनं टाय सारखा केला. “म्हणजे माझा नकारही रद्दच ना?”

“रद्द. तुम्ही परत दहावे. घरी जा.”

डोरीननं सभापतींच्या कचेरीत फोन करून तीनची शपथ थांबवली, मग पोलिसांना बोलावलं. हेनीनं पिशवीतून जन्मदाखला काढला.

“आणि याचं नाव त्या यादीतून खोडा,” ती म्हणाली.

“ते मला करता येत नाही. पक्षालाही येत नाही. यादी एकदा मंजूर झाली की पुढच्या निवडणुकीपर्यंत तशीच राहते. न्यायालयानं यांचा हक्क काढून घेतला नाही, तर तुमच्यामागे फ्लोरिस आणि फ्लोरिसमागे हेच.”

हेनीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. एक टाय चाचपत होता, दुसरा रुमालानं नाक पुसत होता.

“म्हणजे निवडणूक होईपर्यंत मला मरायचीसुद्धा सोय नाही.”

“नाही,” डोरीन म्हणाली आणि स्वीकारपत्र तिच्यापुढे सरकवलं. “इथे सही करा.”